एकच मार्कर एकदम तळाला किंवा एकदम वर, बाकी सगळे ठीक: जनुकीय फरक कसा ओळखायचा?

पॅथलॅब_राजारामपुरी

नमस्कार. गरोदरपणातल्या स्क्रीनिंगचे दोन रिपोर्ट टेबलावर आहेत. दोन्हींत एकच मार्कर (आईच्या रक्तात मोजायचा पदार्थ) बाकीच्यांना सोडून भलतीकडे गेलाय. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पहिला रिपोर्ट: वय २४, वजन ५२ किलो, पहिलटकरीण, सीआरएलवरून (सोनोग्राफीत मोजलेली बाळाची लांबी) १६ आठवडे ४ दिवस. क्वाड्रुपलमध्ये (चार मार्करची चाचणी) एएफपी (बाळाच्या यकृताचं प्रथिन) १.०८ एमओएम (त्या दिवसाच्या मध्यकाच्या इतकी पट), एचसीजी (वारेचं हार्मोन) ०.९४, इनहिबिन-ए १.०२. एस्ट्रिऑल (बाळ आणि वार मिळून बनवतात ते हार्मोन) मात्र किटच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. सॉफ्टवेअरने ‘०.१० पेक्षा कमी’ असं छापलंय. डाऊनची जोखीम कमी आली, पण ट्रायसोमी १८ (१८ नंबरचं गुणसूत्र जास्तीचं असणं) या रकान्यात १:८०, म्हणजे स्क्रीन पॉझिटिव्ह.

दुसरा रिपोर्ट: वय २९, दुसरी खेप, १७ आठवडे २ दिवस. एएफपी ४.३ एमओएम, बाकी तिन्ही मार्कर एकच्या आसपास. मागच्या खेपेलाही एएफपी चारच्या घरात होतं, मूल धडधाकट आहे. या वेळच्या स्कॅनमध्ये आतापर्यंत काही सापडलेलं नाही.

माझे प्रश्न असे: हे आकडे खरे आहेत की किटची करामत, हे कोणत्या क्रमाने तपासायचं? खरे असतील तर मागे कोणते जनुकीय फरक असू शकतात? आणि रिपोर्टच्या शेऱ्यात नेमकं काय लिहायचं? ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’ एवढं छापून पाठवलं तर पहिलं जोडपं थेट पाणी काढायच्या (गर्भजल) तपासणीकडे ढकललं जाईल, ते मला पटत नाही.

बायोकेम_शाहूपुरी

आधी मशीन, मग जनुक. दोन्ही रिपोर्टसाठी तपासणी वेगळी आहे, कारण दोन मार्करची मोजण्याची पद्धतच वेगळी आहे.

एस्ट्रिऑल हे प्रथिन नाही, स्टेरॉइड आहे. रेणू लहान असल्यामुळे दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडता येत नाही, म्हणून ते स्पर्धात्मक पद्धतीने मोजतात. तिथे सिग्नल जितका जास्त, तितकी पातळी कमी. एएफपी, एचसीजी, इनहिबिन आणि पहिल्या तिमाहीतलं पॅप-ए (वारेतून येणारं) ही प्रथिनं सँडविच पद्धतीने मोजली जातात. हा फरक लक्षात ठेवला की निम्म्या शंका जागेवरच मिटतात. केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या घ्या. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालणाऱ्या किटमध्ये जास्तीचं बायोटिन सँडविच चाचणी खोटी कमी दाखवतं आणि स्पर्धात्मक चाचणी खोटी जास्त. म्हणजे तुमच्या पहिल्या पेशंटचं शून्य एस्ट्रिऑल बायोटिनच्या माथी मारता येत नाही.

उन्हाळ्याचंही तसंच. सीरम वेगळं न करता ट्यूब तशीच गरम राहिली तर जोडलेलं एस्ट्रिऑल सुटं होतं आणि आकडा वाढतो. आजरा-चंदगडहून दुपारच्या गाडीने आलेल्या सँपलमध्ये एस्ट्रिऑल फुगलेलं मिळू शकतं, शून्य मिळणार नाही.

उरतं ते एवढं. त्याच ट्यूबमधून पुन्हा लावा. त्या दिवशीचा खालच्या पातळीचा कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) बसला होता का पाहा. फायब्रिनचा धागा प्रोबमध्ये अडकला असेल तर सीरम पुन्हा फिरवून घ्या. मग दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तेच सीरम लावा. दोन्हीकडे शून्य आलं तर आकडा खरा धरा. आणि बाईंना औषधं विचारा. डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन चालू असेल तर बाळाच्या ॲड्रिनल ग्रंथी दबतात आणि एस्ट्रिऑल धाडकन खाली येतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन कशासाठी दिलं हे पेशंटला कित्येकदा माहीत नसतं, चिठ्ठी मागवूनच बघावी.

१:८० या आकड्याबद्दल एक सांगतो. सॉफ्टवेअर प्रत्येक मार्करला वर-खाली एक मर्यादा लावतं, त्यापलीकडचा आकडा मर्यादेवर आणून ठेवतं आणि त्यावर गणित करतं. ट्रायसोमी १८ मध्ये एस्ट्रिऑल सरासरी ०.४ च्या आसपास, एचसीजी त्याहूनही खाली आणि एएफपी ०.६५ च्या आसपास असतं. तुमच्या पेशंटचं एचसीजी आणि एएफपी दोन्ही एकच्या जवळ आहेत. हे दोन मार्कर ‘नाही’ म्हणताहेत आणि एक मार्कर इतका ओढतोय की बेरीज ‘हो’ येते. हे गणित अशा आकड्यासाठी बसवलेलंच नाही.

दुसऱ्या रिपोर्टसाठी: एएफपीचं सीरम १:२ आणि १:४ पातळ करून लावा. गुणून परत तोच आकडा आला पाहिजे. सरळ रेषेत येत नसेल तर रक्तातल्या हेटेरोफाइल अँटिबॉडीचा (किटच्या अँटिबॉडींनाच चिकटणाऱ्या) संशय, मग ब्लॉकिंग ट्यूबमधून काढून पुन्हा. त्याआधी फॉर्म तपासा. एमओएम म्हणजे त्या दिवसाच्या मध्यकाच्या किती पट, त्यामुळे दिवस चुकले की सगळंच चुकतं. १५ ते २० आठवड्यांत एएफपी दर आठवड्याला साधारण १५ टक्क्यांनी चढतं. ‘गणपती विसर्जनानंतर चार दिवसांनी पाळी आली होती’ या हिशेबावर तारीख टाकली असेल तर दोन आठवड्यांची चूक सहज होते. तरीही दोन आठवड्यांनी १.३ पट फरक पडेल, ४.३ पडणार नाही. वजनाचे आकडे उलटे टाइप होणं, जुळ्यांचा रकाना सुटणं, इन्सुलिन चालू असल्याचं न लिहिणं हेही बघून घ्या.

आणि ४.३ ला ‘पुन्हा रक्त द्या’ म्हणून पेशंटला बोलावण्यात अर्थ नाही. २.५ ते ३ च्या मधे असतं तर आठवड्याने पुन्हा पाहणं ठीक होतं.

जनुकसल्ला_कोल्हापूर

वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्या असं धरून पुढे लिहिते.

आधी एक मूलभूत गोष्ट, कारण यावर बराच गोंधळ असतो. डाऊन सिंड्रोममध्ये २१ नंबरचं गुणसूत्र जास्तीचं असतं, म्हणून मार्करही त्याच गुणसूत्रावरचे असतील असं वाटतं. तसं नाही. पॅप-एचं जनुक ९ वर आहे, एएफपीचं ४ वर, एचसीजीच्या बीटा साखळीची जनुकं १९ वर, इनहिबिनच्या अल्फा साखळीचं २ वर. पातळी बदलते ती वारेची आणि बाळाच्या यकृताची घडण बदलल्यामुळे. म्हणूनच मार्करचं स्वतःचं जनुक, किंवा तो तयार करणाऱ्या साखळीतलं एखादं जनुक, वेगळं असेल तर गुणसूत्रं अगदी नेटकी असूनही आकडा भलता येतो. स्क्रीनिंगच्या गणिताला हे कळायला वाव नाही. एकच मार्कर टोकाला आणि बाकीचे एकच्या आसपास, ही त्याची पहिली खूण.

आता पहिली पेशंट. एस्ट्रिऑल बनतं कसं ते पाहा. बाळाची ॲड्रिनल ग्रंथी डीएचईए-सल्फेट बनवते. बाळाचं यकृत त्यावर हायड्रॉक्सिल गट चढवतं. मग वार त्याचा सल्फेट काढते, ॲरोमॅटेज एन्झाइम पुढचं काम करतं आणि एस्ट्रिऑल आईच्या रक्तात येतं. सल्फेट काढणारं एन्झाइम म्हणजे स्टेरॉइड सल्फाटेज, त्याचं जनुक एसटीएस. हे एन्झाइम नसेल तर कच्चा माल असूनही एस्ट्रिऑल बनत नाही आणि आकडा जवळपास शून्य येतो. वार बाळाचीच जनुकं घेऊन वाढते, आईची नाही, हे इथे लक्षात ठेवायचं.

एसटीएसच्या कमतरतेने होतो तो त्वचाविकार: कोरडी, तपकिरी, खवल्यांसारखी कातडी, नडगीवर, पोटावर, मानेच्या बाजूला. बहुतेकांमध्ये, साधारण ९० टक्क्यांत, पूर्ण जनुकच गाळलेलं असतं. मोजता न येणाऱ्या एस्ट्रिऑलमागचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं जनुकीय कारण हेच, आणि एकटं असेल तर ते सौम्य आहे.

मॅडम, म्हणून मला बाईंच्या माहेरची माहिती हवी. आजोबा, मामा, भाऊ, मावशीची मुलं यांच्यापैकी कुणाची कातडी अशी आहे का? लोक याला आजार म्हणत नाहीत, ‘अंग कोरडं पडतं, थंडीत जास्त’ एवढंच सांगतात. त्यामुळे ‘घरात कुणाला आनुवंशिक आजार आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. नडगी दाखवून विचारा.

बाकीची कारणं थोडक्यात. स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ सिंड्रोम: कोलेस्टेरॉल बनवण्याच्या शेवटच्या पायरीवरचं डीएचसीआर७ जनुक बिघडलेलं. यात एस्ट्रिऑल कमी येतं, पण सहसा इतकं शून्य नाही, आणि स्कॅनमध्ये वाढ कमी, टाळू, हृदय, पायाची दुसरी-तिसरी बोटं जुळलेली असं काहीतरी सापडतं. आपल्याकडे हा विरळा आहे, पण दोन्ही बाजूंनी जनुक यावं लागतं, म्हणून आतेभाऊ-मामेबहीण लग्न असेल तर मनात ठेवायचा. निश्चिती गर्भजलातल्या ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलने होते. ॲड्रिनल ग्रंथीच अविकसित असणं, सल्फाटेज कुटुंबातली सगळीच एन्झाइमं निकामी असणं ही कारणंही आहेत, ती अजून दुर्मीळ. आणि अर्थात बाळ पोटात दगावलं तरी एस्ट्रिऑल पडतं, म्हणून ठोके पाहायचा स्कॅन आधी.

दुसरी पेशंट. दोन्ही खेपांना चारपट एएफपी, मूल निरोगी, बाकी मार्कर नॉर्मल. इथे एएफपीची आनुवंशिक चिकाटी हा प्रकार डोक्यात यायला हवा. जन्मानंतर एएफपीचं जनुक जवळजवळ बंद होतं, मोठ्या माणसात पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली असते. काही घराण्यांत जनुकाच्या अलीकडच्या चालू-बंद भागात एका अक्षराचा बदल असतो, उदाहरणार्थ −११९ या जागी जीऐवजी ए. त्यामुळे एचएनएफ-१ हे प्रथिन तिथे घट्ट बसतं आणि जनुक आयुष्यभर थोडं चालू राहतं. आरोग्यावर परिणाम काही नाही. मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी, आई किंवा बाप कुणाहीकडून.

याचा फायदा असा की निदानासाठी गर्भाशयात सुई घालावी लागत नाही. आजच नवऱ्याचं एएफपी करा, साधी रक्ततपासणी आहे. त्याचं वाढलेलं निघालं तर प्रश्न सुटत आला. त्याचं नॉर्मल आलं तर बाईंच्या आई-वडिलांचं आणि भावंडांचं करा. बाईंचं स्वतःचं आत्ता करून उपयोग नाही, गरोदरपणात कुणाचं किती ते वेगळं काढता येत नाही. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी करा. तेव्हाही वाढलेलं असेल तर त्यांच्या फाइलवर ठळक लिहून द्या, नाहीतर पुढे कधीतरी कुणीतरी यकृताच्या गाठीसाठी त्यांना सीटीच्या बोगद्यातून काढत बसेल.

मात्र ‘मागच्या वेळीही असंच होतं’ म्हणून या वेळी हात झटकायचे नाहीत. पाठीचा कणा उघडा राहणं, पोटाची भिंत उघडी राहणं, जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोम ही कारणं आधी खोडून काढायची. शेवटचं मुद्दाम लिहिते. एनपीएचएस१ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर बाळाच्या मूत्रपिंडातून प्रथिन गळतं, एएफपी प्रचंड वाढतं आणि साध्या सोनोग्राफीत सुरुवातीला काही दिसत नाही. शिवाय फक्त एकच प्रत बिघडलेल्या निरोगी बाळातही दुसऱ्या तिमाहीच्या सुरुवातीला एएफपी वाढलेलं दिसू शकतं. नात्यातलं लग्न असेल तर हे टाळून पुढे जाऊ नका. आणि आईचं यकृत: हिपॅटायटिस बी, सी आणि पोटाची एक सोनोग्राफी.

सोनो_गडहिंग्लज

दुसऱ्या पेशंटसाठी स्कॅनवाल्याला नुसतं ‘ॲनॉमली स्कॅन’ लिहून पाठवू नका. चिठ्ठीवर एएफपीचा आकडा लिहा. आकडा कळला की मेंदूच्या मागच्या भागाचा आकार (केळ्यासारखा सेरेबेलम, लिंबासारखी कवटी), कण्याचे तीनही छेद, नाळ पोटाला जिथे मिळते ती जागा, मूत्रपिंडांची चमक, वारेची जाडी आणि वारेतली रक्ताची तळी हे सगळं वेळ देऊन पाहिलं जातं. १९-२० आठवड्यांना पुन्हा एकदा करा. कणा स्वच्छ दिसला आणि घरच्यांत एएफपी वाढलेलं निघालं, तर पाणी काढायची गरज मला वाटत नाही. बाळ पाठ खाली करून पडून राहिलं आणि कणा दिसलाच नाही, तर अर्ध्या तासाने फिरून बोलवा. ‘दिसला नाही’ आणि ‘नॉर्मल आहे’ यांची गल्लत करू नये.

एएफपी विनाकारण जास्त असलेल्या गरोदरपणांत बाळाची वाढ खुंटणं आणि आईचा रक्तदाब वाढणं जरा जास्त आढळतं. त्यामुळे २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना वाढीचे स्कॅन ठेवा, घरच्यांच्या एएफपीचा निकाल येईपर्यंत तरी.

पॅथलॅब_राजारामपुरी

आभार. एस्ट्रिऑल दुसऱ्या मशीनवर लावलं, तिथेही मर्यादेखाली. स्टेरॉइड चालू नाही. बाळाचे ठोके चांगले, सीआरएलप्रमाणे वाढ बरोबर. नडगी दाखवून विचारल्यावर कळलं की बाईंच्या भावाची आणि एका मामाची कातडी लहानपणापासून अशीच खवल्याची आहे, घरात त्याला कुणी काही मानत नाही. लग्न नात्यातलं नाही.

मग शेऱ्यात ‘स्टेरॉइड सल्फाटेजची कमतरता संभवते’ असं लिहू का? आणि एसटीएससाठी गर्भजल पाठवायचं का?

जनुकसल्ला_कोल्हापूर

शेऱ्यात ते लिहू नका. कारण नीट समजून घ्या.

एसटीएस जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून हा विकार जवळजवळ मुलग्यांतच दिसतो. त्यामुळे या विकाराचं निदान गर्भात झालं असं लिहिणं म्हणजे आडमार्गाने बाळाचं लिंग लिहिणं. जोडप्यातला कुणीतरी मोबाइलवर तो शब्द शोधणार आणि दोन मिनिटांत त्यांना कळणार. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या १९९४ च्या कायद्यात लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी तपासणीला परवानगी आहे, पण लिंग शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे सांगायला सक्त मनाई आहे. रिपोर्टवरचा शेरा हाही त्यातला ‘कोणताही प्रकार’ होऊ शकतो. ज्या जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनवर लक्ष ठेवायची यंत्रं बसवण्यापर्यंत वेळ आली, तिथे आपण लॅबवाल्यांनी आणि समुपदेशकांनी याची जास्तच काळजी घ्यायला हवी. हे कागदोपत्री नियम पाळण्यापुरतं म्हणत नाही. एका आकड्यामुळे एखाद्या मुलीचा घात होऊ शकतो, इतकं ते गंभीर आहे.

मी असा शेरा सुचवेन: ‘एस्ट्रिऑल मोजण्याच्या मर्यादेखाली, दोन पद्धतींनी पडताळले. जोखीम-गणनेसाठी हा मार्कर वापरलेला नाही. तपशीलवार स्कॅन आणि जनुकीय समुपदेशन व्हावे.’ एवढंच. बाकीचं पाठवणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोला.

डाऊनची जोखीम उरलेल्या तीन मार्करवर पुन्हा काढता येते. ट्रायसोमी १८ चा आकडा मात्र एस्ट्रिऑलशिवाय तितका भरवशाचा राहत नाही, म्हणून तो छापायचाच नाही. त्याऐवजी स्कॅनमध्ये मुठी, हृदय, मेंदूतल्या कोरॉइड सिस्ट, वाढ हे पाहा, आणि जोडप्याची इच्छा व ऐपत असेल तर आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए पाहणारी एनआयपीटी. एनआयपीटी एसटीएससाठी नाही, १८ आणि २१ साठी. बाळाचा अंश ४ टक्क्यांच्या वर हवा, नाहीतर निकाल येत नाही.

एसटीएससाठी गर्भजल नको, आधी आईचं रक्त. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ३-४ मिली, मायक्रोअरे (गुणसूत्रांतले गाळलेले किंवा जादा तुकडे शोधणारी तपासणी). निरोगी आईमध्ये या जनुकाच्या दोन प्रती असतात. घराण्यात गाळलेलं जनुक चालत आलं असेल आणि आई वाहक असेल तर एकच दिसेल. मायक्रोअरेच का, तर गाळलेला तुकडा किती मोठा ते त्यात कळतं. नेहमीचा तुकडा साधारण दीड-दोन मेगाबेसचा, त्याने फक्त कातडी. तुकडा शेजारच्या जनुकांपर्यंत गेला असेल तर बौद्धिक वाढ, वास न येणं आणि पौगंडावस्था न येणं, हाडांचे विकार अशा गोष्टी जोडल्या जातात, आणि मग चर्चा वेगळी होते. तुमच्या पेशंटच्या भावाला आणि मामाला कातडीपलीकडे काही त्रास नाही, म्हणजे तुकडा लहान असण्याची शक्यता जास्त. भावाचं रक्त मिळालं तर आणखी सोपं.

आईत नेहमीचा तुकडा मिळाला तर पाणी काढण्याचं कारण उरत नाही. आईला तिच्या स्वतःच्या वाहक असण्याबद्दल सांगा: ‘घरातला कातडीचा विकार तुमच्यामार्फत मुलांत येऊ शकतो, आला तरी मलम आणि तेलावर आयुष्य नीट जातं.’ एस्ट्रिऑलच्या आकड्याशी त्याचा धागा जोडून दाखवायचा नाही. आईत काहीच मिळालं नाही आणि स्कॅनमध्ये काही वेगळं दिसलं, तर मात्र गर्भजलाचा विचार. तेव्हा फॉर्म जीवर (याच कायद्यातला संमतीचा फॉर्म) मराठीतून समजावून सही, १५-२० मिली पाणी, गर्भपाताचा धोका हजारात साधारण एक ते पाच.

स्त्रीरोग_इचलकरंजी

याच धाग्यात विचारतो. १२ आठवड्यांच्या डबल मार्करमध्ये पॅप-ए ०.२२ एमओएम, फ्री बीटा एचसीजी १.१, एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी) १.४ मिमी. इथेही ‘जनुकीय फरक’ म्हणून सोडून द्यायचं का?

बायोकेम_शाहूपुरी

नाही सर, पॅप-एला तो न्याय लावू नका.

पहिल्यांदा ट्यूब. पॅप-ए हे जस्त धरून ठेवणारं एन्झाइम आहे. ईडीटीए (जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं रसायन) धातूचे आयन ओढून घेतं, त्यामुळे जांभळ्या ट्यूबमधल्या प्लाझ्मात पॅप-ए खोटं कमी येतं. लाल किंवा पिवळ्या टोपीचं सीरमच हवं. रक्त काढताना जांभळी ट्यूब आधी भरली आणि तिचा थेंब पुढच्या ट्यूबमध्ये गेला तरी घोटाळा होऊ शकतो. शंका असेल तर त्याच सीरमचं पोटॅशियम आणि कॅल्शियम लावा. पोटॅशियम अवाच्या सवा आणि कॅल्शियम तळाला म्हणजे ईडीटीए शिरलंय, नवं सँपल घ्या. मग फॉर्म: आयव्हीएफ, वजन, सिगारेट. तिन्हींनी पॅप-ए बदलतं. आपल्याकडे अडचण मिश्रीची. सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती सिगारेट ओढणाऱ्या बायकांवरून काढलेली आहे, मिश्री लावणाऱ्या बाईसाठी तो रकाना टिकमार्क करून दुरुस्ती उचलू नका. शेऱ्यात लिहा, गणितात घालू नका.

सॉफ्टवेअरमध्ये वंशाचा रकानाही रिकामा सोडू नका. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत पॅप-ए निम्म्याहून अधिक वर असतं, एवढा फरक लोकसमूहांत पडतो. परदेशी मध्यक जसेच्या तसे न वापरता स्वतःच्या सँपलवरून दर काही महिन्यांनी एमओएमचा मध्यक तपासायचा. तो ०.९ ते १.१ च्या बाहेर सरकला की पेशंटमध्ये नाही, आपल्या मध्यकात चूक आहे.

खरा जनुकीय सापळा किटमध्ये असू शकतो. अँटिबॉडी प्रथिनाच्या एका छोट्या जागेला पकडते. त्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असेल तर प्रथिन आपलं काम चोख करतं आणि किटला मात्र दिसत नाही. एलएच हार्मोनच्या बीटा साखळीत हे चांगलंच माहीत आहे: एका किटवर जवळजवळ शून्य, दुसऱ्यावर नॉर्मल, आणि बाईची पाळी नियमित. पहिल्या तिमाहीत प्रीएक्लॅम्पसियासाठी (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार) पीएलजीएफ (वारेचं एक प्रथिन) करत असाल तर तिथेही ही शक्यता धरा. पीएलजीएफ मोजता येत नाही इतकं कमी, पण गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर, रक्तदाब आणि पॅप-ए सगळं छान, असं जुळत नसेल तर वेगळ्या अँटिबॉडीच्या किटवर लावून घ्या. मात्र हे ‘शून्य’साठी. ०.२२ हा आकडा शून्य नव्हे, तो वारेचा आवाज आहे असं धरूनच चाला.

सोनो_गडहिंग्लज

इचलकरंजीच्या सरांना: ०.२२ आणि बीटा एचसीजी नॉर्मल, एनटी नॉर्मल. दोन्ही मार्कर तळाला असते तर ट्रायसोमी १८, १३ किंवा ट्रिप्लॉइडी (गुणसूत्रांचा अख्खा एक संच जास्तीचा) आधी बघितली असती. इथे गुणसूत्रांची जोखीम सॉफ्टवेअर काय देतं ते पाहा आणि मध्यम आली तर एनआयपीटी. पण गुणसूत्रं ठीक निघाली म्हणून विषय संपत नाही. पॅप-ए ०.४ च्या खाली म्हणजे बाळाची वाढ खुंटण्याचा मोठा धोका. डॉपलर आणि रक्तदाब धरून प्रीएक्लॅम्पसियाची जोखीम काढा. जास्त आली तर १६ आठवड्यांच्या आत रात्री १५० मिग्रॅ ॲस्पिरिन सुरू करून ३६ आठवड्यांना थांबवायची. वाढीचे स्कॅन २६-२८ पासून. तेराव्या आठवड्यात हे ठरलं तर उपयोग, विसाव्यात कळून ॲस्पिरिनचा तेवढा फायदा मिळत नाही. म्हणून सँपल बाहेरगावी जात असेल तर रिपोर्ट चार दिवसांत हातात येईल अशी सोय बघा.

बायोकेम_शाहूपुरी

बाहेरगावचा विषय निघाला म्हणून. रक्त काढल्यावर अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, फिरवा, सीरम वेगळ्या ट्यूबमध्ये घ्या, मग २ ते ८ अंशांत ठेवा. न फिरवलेली ट्यूब रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पाठवायची नाही. उष्णतेत अखंड एचसीजी तुटून फ्री बीटा सुटतं आणि डबल मार्करमध्ये डाऊनची जोखीम खोटी वाढते. एप्रिल-मे महिन्यांत फ्री बीटाचा मध्यक वर सरकला तर पहिला संशय सँपलच्या डब्यावर घ्या. बर्फाचा पॅक ट्यूबला थेट टेकवू नका, मधे पुठ्ठा ठेवा. पेशी न काढलेलं रक्त गोठून फुटलं तर सगळंच वाया.

पॅथलॅब_राजारामपुरी

पहिल्या बाईंचं मायक्रोअरेसाठी रक्त घेतलं, भावाचंही मिळालं. शेरा सुचवलात तसाच ठेवला. एकच राहिलं: बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना काही कळवायला हवं का?

जनुकसल्ला_कोल्हापूर

हो, पण रिपोर्टवर नाही, डॉक्टरांशी थेट. सल्फाटेज कमी असेल तर गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला वेळ लागतो, कळा उशिरा येतात किंवा रेंगाळतात. तारीख उलटल्यावर वाट पाहत बसायचं नाही, ४१ आठवड्यांच्या आत काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा आणि कळा आणायच्या औषधाला प्रतिसाद मंद मिळाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. जन्मानंतर बालरोगतज्ज्ञांना सांगा: कातडी पहिल्याच दिवशी नीट दिसेल, खवले काही आठवड्यांत ते महिन्यांत येऊ शकतात. वृषण खाली उतरलेत का पाहायचं. डोळ्यांची बुबुळं पुढे मोठेपणी नेत्रतज्ज्ञांना दाखवायची, डाग असले तरी नजर सहसा चांगली राहते. आंघोळ कोमट पाण्याची, साबण कमी, अंग ओलं असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावायचं. आणि मायक्रोअरेमध्ये तुकडा नेहमीपेक्षा मोठा निघाला तर यातलं काहीही कळवण्याआधी मला रिपोर्ट दाखवा, कारण मग सांगायच्या गोष्टी बदलतील.